अकराव्या दिवशी चिलर आला

"आडवा काऊन आणला बे हा?" बाबा फाटकातूनच ओरडले. "खोक्यावर एवढा मोठा बाण काढून ठेवला आहे. दिसत नाही का तुला?"

टेंपोवाल्याने बाणाकडे पाहिलं. मग बाबांकडे. "उभा ठेवला असता तर पडला असता ना काका."

"पडला असता म्हणे. बांधायचा होता ना मग!"

माझे सासरे आणि टेंपोवाला तो खोका दोन बाजूंनी धरून पायऱ्या चढत होते, आणि मी खिडकीत उभी राहून बघत होते. कानांवरून सुती रुमाल बांधलेला, अंगात पूर्ण बाह्यांचा गाऊन, पायांत मोजे. मे महिना होता. नागपुरात सकाळी साडेआठलाच अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. माझ्या बाळंतपणाचा तो अकरावा दिवस.

तेवढ्यात फोन वाजला. पराग होता.

"ऋजू, ऐक. डॉक्टर म्हणाले, आजपासून घ्यायचं तिला. आईच्या छातीवर, अंगाला अंग लावून. रोज तासभर तरी. आज चार वाजता बोलावलं आहे तुला."

"तुझा चिलर आलाय," मी म्हटलं.

त्याच्या मागे कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं.

"बाबा लावतील तो. तू ये."

"टाकीचं पाणी बत्तीसवर गेलंय. आज नाही लावला तर मासे जातील. बाबांना एकट्याने जमायचं नाही."

"ऋजू. अकरा दिवस झाले."

"बघते म्हटलं ना."

बघते असं मी आधी म्हटलंच नव्हतं. पण त्याने ते बोलून दाखवलं नाही. फोन ठेवला.

आमची मुलगी जुलैत यायची होती. ती मे महिन्यात, एकतिसाव्या आठवड्यात आली. ज्या दवाखान्यात झाली तिथे एवढ्या लहान बाळांची सोय नव्हती, म्हणून त्याच संध्याकाळी तिला काचेच्या पेटीत घालून दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पराग त्या गाडीतून गेला तो तिकडचाच झाला. संध्याकाळी तासभर घरी यायचा, आंघोळ करून, कपडे आणि दूध घेऊन परत. मी एकदाही गेले नव्हते. पहिले चार दिवस मीच दवाखान्यात होते. मग टाके दुखत होते. मग एक दिवस ताप आला, तो खरा होता. मग ऊन फार होतं. मग परत टाके.

कुणी मला काही म्हणत नव्हतं. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे बाळंतपण सासरीच होतं आणि सासूबाई ते सगळं रीतीने करत होत्या. शेक, शेगडी, डिंकाचा लाडू, अळिवाची खीर. बाळ घरात नसलेलं बाळंतपण.

दर तीन तासांनी मी दूध काढत होते. उकळलेल्या छोट्या बाटल्या, त्यावर तारीख आणि वेळ लिहिलेली पट्टी. ती वेळ मी एकदाही चुकवली नाही. बाटल्या फ्रीझरमध्ये डाव्या बाजूला. उजव्या बाजूला पाण्याच्या लिटरच्या बाटल्या बर्फ करायला ठेवलेल्या, त्या माशांच्या. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हापासून त्या बाटल्या टाकीत सोडायचं काम मीच करत होते. एक वितळली की दुसरी. बाटली वरून धरून सोडायची, पाण्याला हात लावायचा नाही, अशी सासूबाईंची अट होती.

टाकी परागची. हॉलमध्ये चार फूट लांब, समुद्राच्या पाण्याची. तीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, आणि फुलासारखा दिसणारा मऊ मऊ बोटांचा एक प्राणी. त्याला अ‍ॅनिमोन म्हणतात. मासे त्याच्या बोटांत शिरून राहतात. या सगळ्यांना सव्वीस अंशांच्या वर पाणी सोसत नाही. आधीच्या वर्षी पराग उन्हाळाभर हॉलमधला एसी चालू ठेवायचा. या वर्षी तो एसी आमच्या खोलीत हलवला, बाळ येणार म्हणून. मग टाकीसाठी चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, मागवायचं ठरलं. मार्चमध्ये मागवलेला तो आज येत होता.

बाबांनी खोका फोडला. आत फोममध्ये बसवलेलं काळं यंत्र, पाठीला जाळी, वर दोन नळ्यांची तोंडं. बरोबर इंग्रजीतली वीस पानांची पुस्तिका. मी ती घेऊन सोफ्यावर बसले. खूप दिवसांनी असं काहीतरी हातात आलं होतं, ज्यात पुढे काय करायचं ते क्रमाने लिहिलेलं होतं.

"वाहतुकीत आडवा झाला असेल तर निदान चार तास उभा ठेवावा," मी वाचून दाखवलं. "त्याआधी चालू करू नये. कॉम्प्रेसर खराब होतो."

"चार तास?" बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "कूलर तर आपण गच्चीवरून उतरवला की दहा मिनिटांत चालू करतो."

"हा कूलर नाही ना, बाबा."

"थंडच करते ना पण?"

बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. पण गल्लीत त्यांना ओळखतात ते कूलरसाठी. होळी झाली की घरोघरचे कूलर खाली उतरतात आणि बाबांना बोलावणं येतं. पंप साफ करायचा, पत्र्याचा गंज घासायचा, जाळ्यांत नवा वाळा भरायचा. त्यांच्या हातचा वाळा पावसापर्यंत दबत नाही असं शेजारच्या लांजेवार काकू सांगतात. मी सातारची. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात बाबांनी मला ओल्या वाळ्यासमोर उभं करून विचारलं होतं, "आहे का असा वास तुमच्या साताऱ्यात?"

पावणेनऊ झाले होते. म्हणजे पाऊण वाजता चालू करता येणार होता. चार तासांचं काम मिळालं.

सासूबाई खीर घेऊन आल्या. वाटी माझ्या हातात देऊन त्या यंत्राभोवती एक फेरी मारून आल्या.

"हे लावून राहिली तू?"

"बाबा लावतायत. मी नुसतं वाचते."

"वाच. पण पाण्यात हात नाही घालायचा. सव्वा महिना गार पाणी नाही म्हणजे नाही."

"आई, ते गार नाहीये. बत्तीस आहे."

"गार होणार ना पण? त्याच्यासाठीच आणलं ना ते?"

बाबा हसले. सासूबाई नाही हसल्या. मग त्या दारापाशी थांबल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "परागचा फोन आला होता मलाही."

मी खीर खाल्ली. गोड होती. त्या काळात मला पदार्थ गोड की तिखट एवढं कळायचं, पुढचं काही कळायचं नाही.

"याची पाठ खिडकीबाहेर काढू," बाबा म्हणाले.

"नको. आतच ठेवायचा. फक्त चारही बाजूंनी एकेक फूट जागा मोकळी पाहिजे."

"एवढी जागा कशाला लागते याला? जेवायला बसणार आहे का हा?"

तरी त्यांनी टाकीशेजारचं कपाट सरकवलं, चौरंग आणला, त्यावर चिलर ठेवला. पुस्तिका सांगायची, मी वाचायचे, बाबा करायचे. टाकीत एक छोटा पंप बसवायचा. पंप पाणी ढकलेल ते एका नळीतून चिलरमध्ये जाईल, आत गार होईल, दुसऱ्या नळीतून टाकीत परत येईल. नळ्या तोंडावर घट्ट बसवायच्या आणि वर क्लिपा आवळायच्या. आत जाणाऱ्या पाण्याचं तोंड कुठलं आणि बाहेर येणाऱ्याचं कुठलं, ते मी पेन्सिलीने नळीवर लिहून दिलं.

बाबांनी सदरा काढला आणि बनियनवर, खांद्यापर्यंत हात टाकीत घातला.

"ए! चावला की बे!"

"कोण?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"मासा चावला!"

"बोटभर मासा तो, अहो. तुम्हाला काय चावणार."

"बोटभर आहे पण दात आहेत त्याला, सुधा! येऊन पाहा, लाल झालं आहे!"

दोघांतला मोठा मासा, मादी, अ‍ॅनिमोनच्या बाजूला कुणाचा हात आला की धावून जायची. परागने मला हे आधी सांगितलं होतं. बाबांना सांगायचं माझ्या लक्षात आलं नाही. एरवी मी खूप हसले असते. आत कुठेतरी हसायची जागा आहे हे मला ठाऊक होतं, पण तिथपर्यंत काही पोचत नव्हतं. मी पुढची ओळ वाचली.

बारा वाजता मी दूध काढलं. पट्टीवर वेळ लिहिली. फ्रीझरमधून एक बर्फाची बाटली काढून बाबांकडे दिली, ती त्यांनी टाकीत सोडली. मासे वर येऊन तोंड उघडत होते. अ‍ॅनिमोन एरवी बशीएवढा पसरायचा, तो लिंबाएवढा होऊन दगडाला चिकटला होता.

पाऊण वाजता बटण दाबलं. पंप घरघरला, नळ्यांतून हवेचे बुडबुडे गेले, पाणी फिरायला लागलं. समोर लाल आकडे उमटले. बत्तीस पूर्णांक एक. मी तीसवर लावला. एका दिवसात दोन अंशांपेक्षा जास्त उतरवायचं नाही, मासे हबकतात, असं लिहिलं होतं. मग खट् आवाज झाला आणि कॉम्प्रेसर सुरू झाला.

बाबांनी जाळीमागे हात धरला. "हा तर गरम मारून राहिला बाप्पा!"

"मागून गरमच येणार."

"थंड करायला आणला नि गरम मारून राहिला." त्यांना ते काही पटलं नाही.

आकडा एकतीस पूर्णांक नऊवर आला. थोड्या वेळाने आठ. सासूबाईंनी माझा दंड धरला. "झालं ना लागून? आता पडायचं. उभ्याउभ्याने पाय सुजून राहिले तुझे."

मी खोलीत जाऊन पडले. त्यांनी शेगडी आणली, पाठ शेकली, रुमाल पुन्हा कानांवरून घट्ट बांधला, अंगावर चादर घातली. एसीला हात लावायची सोय नव्हती, बाळंतिणीला वारा नको म्हणून तो बंदच होता. फोन उशाशी होता. दीड वाजता वाजला, पुन्हा पावणेदोनला. स्क्रीनवर परागचं नाव येत होतं आणि जात होतं. मी ते बघत होते. उचलायला नको असं काही वाटत नव्हतं. उचलावा असंही वाटत नव्हतं.

आवाज थांबला म्हणून मी उठले. हॉलमधून येणारी ती सततची घरघर बंद झाली होती.

हॉलमध्ये वाळ्याचा वास भरला होता. बाबा खाली मांडी घालून बसलेले, हातात सुतळी. चिलर कुठे दिसतच नव्हता. त्याच्या चारही बाजूंना, वरूनसुद्धा, कूलरच्या जाळीतून काढलेला ओला वाळा बांधला होता. फार नेटका बांधला होता. कोपऱ्यांवर सुतळीच्या गाठी, सगळ्या एका ओळीत. खाली पाणी ठिबकत होतं आणि ओघळ प्लगच्या दिशेने निघाला होता.

"मागून फार गरम मारत होता बिचारा," बाबा म्हणाले. "म्हटलं जरा वाळा लावून देतो, बरं वाटेल त्याला. पण आता बंदच पडून राहिला. का पडला असेल?"

मी वाळा बाजूला करून आकडा पाहिला. तेहेतीस. शेजारी एक दिवा उघडमीट करत होता. मोठी मादी पाण्याच्या वर तोंड काढून होती. लहान मासा तिच्या खाली, तिरपा.

"झाकला कुणी सांगितलं?" मी म्हटलं.

"अगं, मी म्हटलं..."

"कुणी सांगितलं झाकायला? त्याची गरमी बाहेर गेली पाहिजे, बाबा! ती बाहेर टाकतो म्हणून तर आत गार होतं! चारी बाजूंनी बांधून ठेवलात तर तो बंद पडणार नाही तर काय करणार? एक फूट जागा सोडा म्हटलं होतं ना मी! वाचून दाखवलं होतं!"

माझाच आवाज होता तो. अकरा दिवसांत मी एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते, त्या दवाखान्यातही नाही. सासूबाई हातातला चिमटा घेऊन दारात आल्या.

बाबा सदुसष्ट वर्षांचे. ते सुतळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "चुकलंच." आणि गाठी सोडायला लागले. इतक्या घट्ट बांधल्या होत्या की सुटत नव्हत्या.

मी प्लग काढला. जमीन पुसली. चिलर तापून हात लावू देत नव्हता. वाळा बांधताना नळी ओढली गेली होती आणि टाकीतला पंप वर येऊन नुसती हवा ओढत होता. मी गाऊनची बाही वर केली आणि हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला.

"हात काढ!" सासूबाई धावत आल्या. "बाळंतीण आहेस तू! काढ हात! दूध जाईल!"

"जाऊ दे."

"काय बोलून राहिली तू?"

पंप सापडला. मी तो तळाशी दाबला. मादी आली आणि माझ्या मनगटाला चावली. चिमटा काढल्यासारखं झालं. मी हात तिथेच ठेवला.

"आई, मला तिकडे जायचं नाही," मी म्हटलं. "टाके दुखत नाहीत माझे. तीन दिवस झाले, काही दुखत नाही."

सासूबाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"तिला पेटीत घालून नेताना माझ्या शेजारून नेलं. मी पाहिलं. जांभळी होती, एवढीशी, तोंडात नळी. आणि मला वाटलं, लवकर संपू दे. वाचू दे, असं नाही वाटलं मला. संपू दे, असं वाटलं. आणि त्याच्यानंतर काहीच वाटलेलं नाही. आता मी जाऊन तिला छातीशी घेणार, आणि ती नर्स बघणार, पराग बघणार, मी आई आहे म्हणून."

मी पाण्यातल्या माझ्या हाताकडे बघत बोलत होते. पाण्यात हात असतो त्यापेक्षा मोठा दिसतो. तो माझा वाटत नव्हता.

मी त्या दिवशी काय बोलले हे तिला मोठेपणी सांगेन की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबांनी ओला वाळा गोळा केला, दोन्ही हातांत घेतला आणि ते व्हरांड्यात निघून गेले.

"झालं बोलून?" सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"मग हात काढ."

मी हात काढला. त्यांनी पदराने तो पुसला, खांद्यापासून बोटांपर्यंत, जोरजोरात, भांडं पुसावं तसा.

"वाटलं तर वाटलं," त्या म्हणाल्या. "तिने ऐकलं थोडीच. चौदाशे ग्रॅमची पोरगी ती. तिला काय समजते? गरम समजते नि गार समजते. तुझ्या मनातलं काय ऐकू येऊन राहिलं तिला?"

"आणि तिथे जाऊनही काही वाटलं नाही तर?"

"नाही वाटलं तर ये परत. ऑटो दोन्हीकडून मिळते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या गंमत करत नव्हत्या. त्या माझ्या कोपरावरचं मीठ पुसत होत्या.

"ती सिस्टर म्हणून राहिली होती परागला, समोरून उघडणारं घालून या. तुझे सगळे डोक्यातून घालायचे."

"माझा तो पांढरा सदरा दे तिला," व्हरांड्यातून बाबांचा आवाज आला. "बटनाचा. धुऊन धुऊन मऊ झाला आहे तो."

तीनचं दूध काढून होईपर्यंत सव्वातीन वाजले. मी सदरा घातला. तो मला गुडघ्यापर्यंत येत होता. सासूबाईंनी कानांवरचा रुमाल सोडला, तो पाण्यात भिजवून पिळला आणि परत माझ्या डोक्यावरून बांधला. ओला. बाळंतिणीला ओला. स्वतःच बांधला. मग पर्समध्ये एक कांदा टाकला, उन्हासाठी.

"याचं सांगून जा मला," चिलरकडे बोट करून त्या म्हणाल्या.

"अर्धा तास गार होऊ द्यायचा. मग प्लग लावायचा, हे बटण दाबायचं. तीसचा आकडा लावलेला आहे, त्याला हात लावायचा नाही. मागून गरम येईल."

"येऊ दे. मी बसते इथेच. नाही झाकत."

ऑटोत बाबा माझ्या शेजारी बसले होते. रस्त्यावर माणूस नव्हतं, झाडांखाली कुत्री पडलेली. ऑटोच्या दोन्ही बाजूंनी भट्टीसारखी झळ येत होती. दर खड्ड्याला बाबा ऑटोवाल्याला म्हणत, "हळू बे, टाके आहेत पोरीला." अर्ध्या वाटेत मी म्हटलं, "बाबा, मी ओरडले तुमच्यावर."

"हाव," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "ओरडली ते बरं झालं. घरात फार गुपचूप होतं."

तिसऱ्या मजल्यावर जिन्याजवळच्या बाकावर पराग बसल्या बसल्या झोपला होता, तोंड उघडं. मी त्याला हाक मारली नाही, खांद्याला हात लावला. तो दचकून उठला. आधी माझ्याकडे, मग सदऱ्याकडे बघत राहिला.

"बाबांचा आहे," मी म्हटलं.

"चिलर?"

"आई बसल्यात जवळ."

तो आणखी काही म्हणणार होता, पण तेवढ्यात दार उघडलं आणि सिस्टर मेश्राम बाहेर आल्या. हे नाव मी परागकडून रोज ऐकत होते. मला वाटलं होतं त्याहून त्या बऱ्याच बुटक्या होत्या.

"आलात का. चपला इथे. हात कोपरापर्यंत धुवायचे, दोन मिनिटं, घड्याळ लावून. अंगठ्या, बांगड्या काढा. शिंक, खोकला?"

"नाही."

"चला."

त्यांनी विचारलं नाही, इतके दिवस कुठे होतात. मी ते उत्तर तयार करून आणलं होतं. ते तसंच राहिलं.

मागे रेललेल्या खुर्चीत त्यांनी मला बसवलं, सदऱ्याची बटणं सोडली. मग पेटीच्या बाजूच्या खिडकीतून हात घालून त्यांनी तिला काढलं. डोक्यात लोकरीची टोपी, खाली तळहाताएवढा लंगोट, पायाला वायर. चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा. आता जांभळी नव्हती. त्यांनी तिला माझ्या छातीवर पालथी ठेवली, मान एका बाजूला वळवली, पाय बेडकासारखे दुमडले, वरून सदरा मिटला आणि पोटावरून फडकं बांधलं. माझा हात घेऊन तिच्या पाठीवर ठेवला. "इथे. थोपटायचं नाही. कुरवाळायचं नाही. नुसता ठेवायचा. त्यांना थोपटलेलं सोसत नाही अजून."

मी हात नुसता ठेवला.

मला काही वाटलं नाही. हे मी खरं सांगते. डोळे भरून आले नाहीत, दूध उसळलं नाही, काही नाही. छातीवर काहीतरी हलकं, कोमट, हलणारं होतं. तिची पाठ माझ्या तळहातात मावत होती आणि तळहात थोडा उरत होता. काचेपलीकडे पराग आणि बाबा उभे होते. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

"बोला तिच्याशी," सिस्टर म्हणाल्या. "आवाज ओळखतात पोटातला."

"काय बोलू?"

"काहीही बोला. गाणं म्हणा. शिव्या द्या हवं तर."

मला गाणं आठवेना. मी म्हटलं, "आज तुझ्या आजोबांना मासा चावला." माझा आवाज घोगरा आला. "मग मलाही चावला."

ती हलली. पायाची वायर थरथरली. शेजारच्या यंत्रावर कुठलासा आकडा वर गेला, परत खाली आला. सिस्टरनी तिकडे एकदा पाहिलं आणि त्या दुसऱ्या पेटीकडे वळल्या. म्हणजे ते चांगलं होतं, किंवा निदान वाईट नव्हतं.

मी बोलत राहिले. टेंपोवाल्याचं सांगितलं. एक फूट जागा ठेवायची असते ते सांगितलं. आजीने मला ओला रुमाल बांधला ते सांगितलं. मध्येच गप्प बसले तेव्हा तिने तोंड उघडून माझ्या कातडीवर एक बारीक, ओला आवाज काढला. जांभई असेल. पुन्हा बोलायला लागले तर पुन्हा शांत झाली. मला काही वाटत नव्हतं आणि ती झोपली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या आणि एकीमुळे दुसरीचं काही अडत नव्हतं.

सिस्टर मेश्राम आल्या. सदऱ्यात हात घालून त्यांनी तिच्या काखेतलं तापमान घेतलं, कागदावर लिहिलं.

"अर्धा अंश वाढलं," त्या म्हणाल्या. "छान. तुमचं अंग चांगलं गरम आहे. झाला तास. आणा, ठेवते तिला परत."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी हलले नाही.

"काय झालं?"

"हाताला मुंग्या आल्यात," मी म्हटलं. "लगेच उचलता नाही यायचा. थोडा वेळ लागेल."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "बरं," म्हणाल्या. "दहा मिनिटं." आणि पुढच्या पेटीकडे गेल्या.

हाताला मुंग्या आल्या नव्हत्या.